मॉडर्न कॉमिक प्रेस केल्यावर परत लाटा येतात, पानं चिकटतात, पिनांचे ठसे उमटतात: कुठे बिघडतं आणि काय करायचं

कॉमिक प्रेस करणं म्हणजे उष्णता आणि दाब देऊन त्यावरचे वळ, खड्डे सपाट करणं. प्रेसमधून काढलं तेव्हा कॉमिक एकदम सपाट असतं, आपण खूश होऊन ते पिशवीत घालून ठेवतो आणि दोन-तीन दिवसांनी बघावं तर कव्हरच्या उघड्या कडेला बारीक बारीक लाटा उठलेल्या, मग परत प्रेस केलं की परत सपाट आणि परत दोन दिवसांनी लाटा. घरी मॉडर्न, म्हणजे अलीकडच्या काळातली, कॉमिक्स प्रेस करणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. तिच्या जोडीला आणखी दोन-तीन ठरलेल्या असतात, कव्हर पहिल्या पानाला चिकटलं, पिनांचा ठसा कव्हरवर उमटला, चमक मधेच गेली. हे सगळे प्रॉब्लेम वेगवेगळे वाटतात पण मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून एकत्रच लिहितोय.

मूळ असं की प्रेसिंगची जी पद्धत सगळीकडे सांगितली जाते ती जुन्या, न्यूजप्रिंटवर म्हणजे वर्तमानपत्राच्या जातीच्या कागदावर छापलेल्या अंकांसाठी बसवलेली आहे. आधी ह्युमिडिटी चेंबरमध्ये, म्हणजे दमट हवेच्या बंद डब्यात, ठेवून कागदाला ओलावा द्यायचा, मग ८० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या प्रेसमध्ये चांगला दाब द्यायचा. न्यूजप्रिंट सच्छिद्र असतो, ओलावा पटकन घेतो आणि तितक्याच पटकन सोडतो, त्याला हे मानवतं. मॉडर्न अंकाचा कागद बहुतेक वेळा कोटेड असतो, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर, तो धरून ठेवायला लेटेक्ससारखा बाइंडर, त्यावर शाई, आणि कव्हर असेल तर वरून बऱ्याचदा वॉर्निश किंवा यूव्ही कोटिंग. इतके थर असल्यावर ओलावा पानाच्या मधून आत जातच नाही नीट, तो कडांकडून शिरतो, असमान शिरतो, आणि एकदा आत गेला की बाहेर पडायलाही तितकाच वेळ घेतो. तुम्ही प्रेस उघडता तेव्हा कागद सपाट दिसतो पण आतला ओलावा सगळीकडे सारखा झालेला नसतो, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. त्यामुळे मॉडर्नसाठी माझं म्हणणं एवढंच आहे की ओलावा जवळपास शून्य, उष्णता कमी, दाब बेताचा आणि थंड व्हायला वेळ भरपूर, आणि यातलं शेवटचं लोक सगळ्यात जास्त टाळतात.

पण त्याआधी हे बघा की तुमच्या अंकावर जे आहे ते प्रेसिंगने जाण्यासारखं आहे का, कारण निम्म्या वेळा माणूस न जाणाऱ्या गोष्टीसाठी तापमान वाढवत बसतो आणि चांगलं कव्हर घालवतो. खोलीतले दिवे बंद करा, कॉमिक टेबलावर ठेवा आणि एक टॉर्च टेबलाच्या पातळीला आडवा धरून प्रकाश कव्हरवरून सरपटत जाईल असा टाका. समोरून बघताना न दिसणारं सगळं आता सावल्यांसकट दिसायला लागतं, बोटाने दाबलेले अर्धचंद्रासारखे खड्डे, वरच्या ढिगाच्या वजनाने पडलेले वळ, स्पाईनजवळच्या, म्हणजे पिनांच्या घडीच्या बाजूच्या, बारीक आडव्या रेषा, पिशवीत मागे ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या (बॅकिंग बोर्डच्या) कडेचा दाब. आता प्रत्येक रेषेवर भिंग धरा. रेषेच्या माथ्यावर शाई अखंड असेल, नुसती सावली पडत असेल तर ते प्रेसिंगने बरंच कमी होतं किंवा पूर्ण जातं. रेषेच्या माथ्यावर पांढरा कागद दिसत असेल तर शाई आणि कोटिंग तुटलेलं आहे, ती रेष प्रेसने सपाट होईल पण पांढरी ती पांढरीच राहील. फाटलेलं, तुकडा गेलेलं, घासून शाई उडालेलं, उन्हाने फिकं पडलेलं, यातलं काहीही प्रेसचं काम नाही. दबलेला कोपरा थोडा सुधारतो, पूर्वीसारखा टोकदार होत नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी माहीत नसेल तर माणूस हैराण होतो. बरीच मॉडर्न कॉमिक्स हीटसेट वेब ऑफसेटवर छापतात, म्हणजे कागदाचा सलग रोल मशीनमधून धावतो आणि शाई वाळवायला तो गरम हवेच्या ओव्हनमधून नेतात. तिथे कागदातलं पाणी झपाट्याने उडतं, शाईखालचा भाग आणि कोरा भाग सारखा आकसत नाही, आणि पानावर रोलच्या दिशेने उभ्या नाळींसारख्या बारीक लाटा पडतात ज्या शाई तशाच धरून ठेवते. छपाईवाले याला फ्लूटिंग म्हणतात. दुकानातून आणलेल्या कोऱ्या करकरीत अंकाच्या आतल्या पानांवर, खास करून गडद रंग भरलेल्या पानांवर, या लाटा बऱ्याचदा असतात. त्या तुमच्या प्रेसने आलेल्या नाहीत आणि तुमच्या प्रेसने पूर्ण जाणारही नाहीत, म्हणून प्रेस करायच्या आधी टॉर्चच्या उजेडात फोटो काढून ठेवा, नंतर भांडण स्वतःशीच होतं की हे आधी होतं का नव्हतं.

आता थोडं कागदाचं शास्त्र, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या सूचना नुसत्या पाठ करून काही होत नाही. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी, ते तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. उष्णता आणि थोडा ओलावा मिळाला की ही पकड सैल पडते, तंतू जरा मऊ होतात, त्या वेळी दाबाने त्यांना सपाट जागी बसवता येतं, आणि थंड होताना पकड नव्या जागी घट्ट होते. केस रोलरवर गुंडाळून गरम केले आणि गरम असतानाच सोडले तर जसे वळण न धरता सुटतात तसंच इथे होतं, वळण धरतं ते थंड होताना. म्हणजे प्रेसिंगचं खरं काम प्रेस बंद केल्यानंतर चालतं. आणि ओलावा लागतो हे खरं, पण तो कागदात आधीच असतो, साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवलेल्या कागदात वजनाच्या पाच-सात टक्के पाणी असतंच. मॉडर्नच्या बोटाच्या खड्ड्यांना आणि साध्या वळांना तेवढं पुरतं, वरून द्यायची गरज फार क्वचित पडते.

मशीनबद्दल थोडक्यात. फोटो चिकटवायचा ड्राय माउंट प्रेस मिळाला तर उत्तम, नाहीतर टी-शर्ट छापायचा सपाट हीट प्रेस चालतो. घरची कपड्यांची इस्त्री नको म्हणजे नको, तिच्या एका टिंबाच्या सगळ्यात कमी सेटिंगची मर्यादाच ११० अंश असते, तिचं तापमान सारखं वरखाली होत राहतं आणि दाब हाताचा, जिथे टोक टेकलं तिथे कव्हरवर डाग नाहीतर ठसा. टी-शर्टच्या प्रेसमध्ये दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली तापमान, कारण स्क्रीनवर दिसणारा आकडा आणि कॉमिकला मिळणारी उष्णता यात बराच फरक असू शकतो, प्लेटच्या मधे एक आणि कोपऱ्यात वेगळं. तारेचा प्रोब असलेला थर्मामीटर थेट बोर्डांच्या मधे, जिथे कॉमिक असणार तिथे ठेवून बघा. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत धातूवर ती चुकीचं, बहुतेक वेळा कमी दाखवते, प्लेटवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्या टेपवर नेम धरा, आकडा खऱ्याच्या बराच जवळ येतो. पुष्कळ लोकांची कव्हरं इथेच जातात, गन ५० दाखवते म्हणून ते वाढवत राहतात आणि प्लेट खरी ८० च्या वर गेलेली असते.

दुसरी गोष्ट दाब. वह्यांच्या कागदाच्या चार पट्ट्या कापा, चारी कोपऱ्यांत एकेक अर्धी आत अर्धी बाहेर ठेवा, प्रेस बंद करा आणि एकेक ओढून बघा. चारही सारख्या ओढ लागून, जरा जोर लावल्यावर सुटल्या तर ठीक. मागच्या दोन अडकल्या आणि पुढच्या सहज आल्या तर बिजागरीकडे दाब जास्त आहे, शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या प्रेसमध्ये हे नेहमी होतं. अशा वेळी खालचे बोर्ड कमी-जास्त करून आधी पट्ट्या सारख्या करा, मगच कॉमिक आत घाला. चारही पट्ट्या ओढताना फाटत असतील तर दाब मॉडर्नसाठी जास्त आहे, नॉब सैल करा.

थर कसे लावायचे हेही सांगतो. सगळ्यात खाली जाड, ताठ, ॲसिडमुक्त बोर्ड, त्यावर नवा सिलिकॉन रिलीज पेपर, म्हणजे कशाला न चिकटणारा कागद, त्यावर कॉमिक, वर परत रिलीज पेपर आणि वर परत बोर्ड. सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर रिलीज पेपरच्या जागी चालतो, मेणाचा कागद अजिबात नाही, मेण वितळून कव्हरमध्ये जातं आणि परत निघत नाही. रिलीज पेपरला घडी असेल तर ती घडी जशीच्या तशी कव्हरवर उमटते, तेव्हा गुंडाळून ठेवलेला कागद वापरण्याआधी सरळ करा आणि चुरगळला की फेकून द्या. कॉमिकच्या आतही पुढच्या कव्हरच्या आणि पहिल्या पानाच्या मधे एक रिलीज पेपर, तसाच मागच्या कव्हरच्या आत एक, स्पाईनपर्यंत सरकवलेला पण पिनेवर न चढलेला. आणि एका वेळी एकच कॉमिक. दोन-तीन एकदम घातली की एकाच्या पिना दुसऱ्याच्या कव्हरवर उमटतातच, कितीही बोर्ड मधे घाला.

तापमान साध्या कोटेड मॉडर्नसाठी मी ६० ते ६५ अंश धरतो, बोर्डांच्या मधे मोजलेलं, प्लेटवरचं नाही. तिथे पोचल्यावर पाच ते आठ मिनिटं, मग प्रेस बंद, उघडायचा नाही, दाब तसाच. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, सोयीचं म्हणजे रात्री बंद करून सकाळी उघडणं. घाई असेल तर त्या दिवशी प्रेसच करू नका.

आता मूळ तक्रारीवर येतो, लाटा.

लाटा उठतात कारण कागदाचा एक भाग फुगतो आणि शेजारचा फुगत नाही. कागद ओलाव्याने तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो, उभ्या दिशेला अगदीच कमी, म्हणून लाटांचे कणे नेहमी तंतूंच्या दिशेने पडतात, हे टॉर्च लावून बघितलं तर लगेच कळतं. प्रेसमध्ये दोन गोष्टी घडू शकतात. एक, तुम्ही बाहेरून ओलावा दिला, तो कडांत जास्त बसला, प्रेसने कडा आणि मधला भाग दोन्ही सपाट केले पण कडेतलं पाणी पूर्ण गेलं नाही, बाहेर आल्यावर कड हळूहळू वाळते, आकसते, मधला भाग तसाच राहतो, मग ताण पडून कव्हर मधे फुगतं किंवा कोपरे वर येतात. दुसरं, आणि मॉडर्नमध्ये जास्त वेळा हेच असतं, उष्णता जास्त आणि जास्त वेळ दिल्याने कागद पार कोरडा पडतो. कोरडा कागद बाहेर आला की हवेतून पाणी ओढायला लागतो, ओढतो तो आधी कडेकडून कारण कडेला कोटिंग नसतं, कड फुगते, मधला भाग अजून कोरडाच, वाढलेल्या कडेला जागा पुरत नाही, ती वरखाली होऊन लाट बनते. लोक याला ओलावा कमी पडला असं समजतात, पुढच्या वेळी चेंबरमध्ये जास्त वेळ ठेवतात, मग पहिल्या प्रकारचा त्रास सुरू होतो, आणि असं ते कॉमिक दोन्हीकडून मार खात राहतं. फार वाईट वाटतं असं कव्हर बघताना, कारण अंकात मुळात काहीच दोष नव्हता.

दोन्हीत फरक कसा ओळखायचा तर लाटा कधी आणि कुठे आल्या ते बघा. प्रेस उघडताक्षणी सपाट आणि काही तासांत फक्त कडेला लाटा, मधला भाग ठीक, तर कागद कोरडा पडला होता. उघडतानाच कव्हर किंचित गार, दमट लागतं, पानांना जडपणा आहे आणि एक-दोन दिवसांत कोपरे वळतात किंवा मधे फुगतं, तर ओलावा उरला होता. तिसरी शक्यता बोर्डांची. आपण कॉमिकवर लक्ष देतो आणि बोर्ड विसरतो, पण बोर्डही कागदच, दमट हवेत पडून राहिलेले बोर्ड प्रेसमध्ये तापले की त्यांच्यातलं पाणी निघून थेट कॉमिकमध्ये जातं. म्हणून कॉमिक घालायच्या आधी नुसते बोर्ड प्रेसमध्ये दहा मिनिटं तापवून घ्या, एकदोनदा प्रेस उघडून वाफ जाऊ द्या, मग ते थोडे निवल्यावर वापरा. दमट दिवसांत तर हे केल्याशिवाय काहीच करू नये, आणि खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असेल तर सरळ दुसरा दिवस बघावा.

आलेल्या लाटा घालवायला ओलावा देऊ नका. आधी कॉमिक पिशवीबाहेर, दोन कोऱ्या कोरड्या बोर्डांच्या मधे, वर सपाट वजन ठेवून दोन दिवस नुसतं पडू दे, उष्णता नाही काही नाही. पुष्कळशा लाटा एवढ्यानेच बसतात, कारण कागदातलं पाणी सगळीकडे सारखं व्हायला फक्त वेळ हवा असतो. उरल्या तर मग कोरडं प्रेसिंग, ५५ ते ६० अंश, पाच मिनिटं, नवे सुकवलेले बोर्ड, आणि प्रेस बंद करून रात्रभर आत. सकाळी काढल्यावर लगेच पिशवीत नाही, परत बोर्डांच्या मधे वजनाखाली आणखी एक-दोन दिवस, म्हणजे कागद खोलीच्या हवेशी जुळवून घेतो पण घेताना त्याला वर उठायला जागा नसते. वजन काढल्यावर एक दिवस उघडं ठेवून बघा आणि तेव्हाही सपाट असेल तर पिशवी. ही शेवटची पायरी गाळली की तक्रार परत येते, ९० टक्के काम नीट करूनही.

आणि एकच अंक सारखा प्रेस करत राहू नका. प्रत्येक वेळी कागद थोडा कोरडा पडतो, स्पाईनच्या घडीवर ताण येतो. दोनदा कोरडं करूनही लाट तशीच असेल तर ती बहुधा छपाईची आहे, आधी काढलेला फोटो बघा.

कव्हर किंवा पानं चिकटणं हा सगळ्यात घातक प्रकार. कोटिंगमधला बाइंडर आणि वॉर्निश ओलावा, उष्णता आणि दाब एकदम मिळाले की चिकट होतात आणि समोरासमोरची दोन पानं एकमेकांना धरतात. पुरात भिजलेली गुळगुळीत कागदाची पुस्तकं ग्रंथालयवाले वाळू न देता आधी गोठवतात ते याचसाठी, एकदा चिकटून वाळली की पानं सोडवता येत नाहीत, सोडवताना शाईच उपटून येते. तुमच्या प्रेसमध्येही तेच होतं, फक्त लहान प्रमाणावर. लक्षण पहिल्यांदा कानाला कळतं, कव्हर उचलताना बारीक चर्र असा आवाज येतो, टेप सोडवताना येतो त्या जातीचा. तो आवाज आला की तिथेच हात थांबवा. पूर्ण काळा किंवा गडद रंग भरलेल्या पानांवर शाईचा थर जाड असतो, तिथे हे आधी होतं, तेव्हा असं पान समोरासमोर असेल तर तिथेही मधे पातळ रिलीज पेपर घालून ठेवावा, नुसता कव्हरखाली नाही.

चिकटलंच असेल तर गरम असताना ओढू नका, कॉमिक पूर्ण थंड आणि कोरडं होऊ द्या, एक दिवस जाऊ द्या. मग उघड्या बाजूने, जिथे आधीच सुटलेलं आहे तिथून, रिलीज पेपरची अरुंद पट्टी सपाट आत सरकवा, वर उचलायचं नाही, फक्त पुढे सरकवत जायचं, मिलिमीटर मिलिमीटरने. नुसतं किंचित धरलेलं असेल तर याने सुटतं. पट्टी अडली की सोडून द्या. पाणी, स्पिरिट, हेअर ड्रायर यातलं काहीही लावू नका, प्रत्येकाने अधिकच धरतं किंवा शाई विरघळते. किमती अंक असेल तर कागद संवर्धनाचं काम करणाऱ्याकडे न्या, आणि तिथे नेईपर्यंत उघडून उघडून बघू नका.

आता पिना. पिन कागदापेक्षा कडक असते, दाब पडला की ती जिथे सगळ्यात कमी विरोध तिथे घुसते, म्हणजे कव्हरमध्ये आणि मधल्या पानांमध्ये. प्रेस केल्यावर कव्हरवर पिनेच्या बाजूने उठाव दिसतो, पिनेभोवती कागद ताणून भोक मोठं होतं, वाईट वेळ असेल तर कव्हर पिनेतून सुटतं. याला दोन कारणं असतात, दाब जास्त किंवा खालचा बोर्ड अगदी कडक. उपाय म्हणजे स्पाईनच्या बाजूला कॉमिकच्या वर आणि खाली रिलीज पेपर आणि बोर्ड यांच्या मधे साध्या कागदाचे तीन-चार ताव घालायचे, पिनेला बुडायला थोडी मऊ जागा मिळते. दुसरी अडचण अशी की कॉमिक घडीकडे जाड आणि उघड्या बाजूला पातळ असतं, सगळा दाब घडीवर जातो, उघडी बाजू मात्र नीट दाबलीच जात नाही, आणि मग लोक दाब वाढवतात आणि स्पाईन चिरते. दाब न वाढवता उघड्या बाजूखाली कागदाच्या पट्ट्या घालून जाडी सारखी करा. किती घालायच्या ते बोटाने कळतं, कॉमिक बोर्डांच्या मधे ठेवून वरच्या बोर्डवर दोन्ही बाजूंनी बोट फिरवा, उतार लागला नाही पाहिजे.

पिना गंजलेल्या असतील तर ते कॉमिक गरम करू नका, गंजाचा डाग ओलाव्याने पसरतो. पिना काढून सरळ करून परत घालणं हा वेगळाच प्रकार आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

चमक जाणं किंवा मधेच जास्त येणं. मॅट कव्हरवर घासलेल्या जागी चमक येते आणि ग्लॉस कव्हरवर रिलीज पेपर खडबडीत असेल, फेल्ट थेट लागलं असेल किंवा धुळीचा कण आत राहिला असेल तर चमक मरते. धुळीचा एक कण म्हणजे एक कायमचा टोचा, म्हणून कॉमिक आणि रिलीज पेपर दोन्ही मऊ ब्रशने झटकून घ्या. बोटांचे तेलकट ठसे आधी कोरड्या मायक्रोफायबरने अगदी हलके पुसा, ते ठसे तसेच गरम केले तर तेल कोटिंगमध्ये बसतं आणि मग निघत नाही. खोडरबर गुळगुळीत छापलेल्या भागावर चालवू नका, शाईची चमक तेवढ्या जागेपुरती वेगळी दिसते, फक्त मागच्या कव्हरच्या कोऱ्या पांढऱ्या भागावर आणि तेही हलक्या हाताने.

कधीकधी प्रेसनंतर आतली पानं कव्हरच्या बाहेर डोकावायला लागतात, उघड्या बाजूने अर्धा-एक मिलिमीटर. कव्हर आकसलं किंवा आतली पानं फुगली, दोन्हीतलं काहीतरी, आणि कारण परत ओलाव्याचा आणि उष्णतेचा अतिरेक. वजनाखाली आठवडाभर ठेवून थोडं फार जागेवर येतं, पूर्ण येईल असं धरून चालू नका. कापून कड सरळ करायचा विचार कोणी मनात आणत असेल तर तो तिथेच सोडा, ट्रिम केलेला अंक ग्रेडिंगमध्ये, म्हणजे अंकाची स्थिती तपासून गुण देतात तिथे, लगेच वेगळा काढला जातो आणि अंकाचं नुकसान ते वेगळंच. नुसत्या प्रेसिंगला मात्र सीजीसी ही ग्रेडिंग करणारी कंपनी रिस्टोरेशन (अंकाची केलेली डागडुजी) मानत नाही, त्यामुळे ती भीती बाळगायचं कारण नाही. ग्रेडिंगला पाठवण्याआधी निदान आठवडाभर अंक खोलीत राहू द्या, कारण काही खड्डे सपाट होऊन परत हळूच वर येतात, कागदाला जुना आकार आठवतो, आणि ते पाकीट गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

शेवटी वेगळ्या कव्हरांबद्दल. जाड कार्डस्टॉकच्या कव्हरला थोडा जास्त वेळ लागतो, तापमान तेच ठेवा, वेळ दहा मिनिटं करा. चौकोनी स्पाईनवाले अंक पिनांऐवजी गोंदाने बांधलेले असतात, तो गोंद उष्णतेने मऊ होतो आणि दाबाखाली स्पाईन तिरकी सरकते, म्हणून ५० ते ५५ च्या वर जाऊ नका आणि पानांकडची बाजू बोर्डाने भरून स्पाईनच्या पातळीला आणा. एम्बॉस्ड म्हणजे उठावाचं कव्हर प्रेसमध्ये घालूच नये, उठावच सपाट होतो आणि तो परत आणता येत नाही, १९९१ च्या सिल्व्हर सर्फर ५० सारख्या उठावाच्या फॉइल कव्हरवर तर दोन्ही धोके एकत्र. क्रोमियम कव्हर, जसं १९९३ च्या ब्लडशॉट १ चं, किंवा साधं फॉइल, होलोग्राम, लेंटिक्युलर (हलवल्यावर चित्र बदलणारं), अंधारात चमकणारी शाई, प्लास्टिकची पारदर्शक पट्टी, यांतल्या बहुतेकांत कागदावर प्लास्टिक किंवा धातूचा पातळ थर चिकटवलेला असतो, तो उष्णतेने कागदापेक्षा वेगळा वाढतो, फुगा येतो, चिकटवलेला थर सुटतो, चमक ढगाळ होते. या अंकांना मी उष्णता लावतच नाही. नवे कोरडे बोर्ड, रिलीज पेपर, वर सपाट बोर्ड आणि त्यावर जाड पुस्तकांचं वजन, आणि तीन-चार आठवडे खोलीत एका जागी. बोटाचे खड्डे पूर्ण जात नाहीत पण अंकाची कमान आणि स्पाईनचा गुंडाळा बऱ्यापैकी बसतो, आणि कव्हर जसं होतं तसं शाबूत राहतं.